धाकट्यानं चिठ्ठी का दिली

अण्णा,

ते पोस्टकार्ड मी लिहिलं होतं.

पाच शब्दांचं वाक्य. पंधरा वर्षं हे सांगायचं म्हणून मी बेळगावात सर्व्हिस मोटारीत बसत आलो, निपाणीला तुझ्याकडे चहा पीत आलो आणि परतीच्या मोटारीतून ते वाक्य तसंच घेऊन उतरत आलो. घराण्यात बोलका म्हणून माझी ख्याती. लग्नात पंगत उशिरा बसणार असली की "बापूला बसवा पुढं" म्हणतात, आणि मी पोरांना तासभर कशातही गुंतवून ठेवतो. असा हा बोलका माणूस पाच शब्दांपाशी अडकून पडला. तू असतास तर म्हणाला असतास, "बाप्या, तुझी गोष्ट सुरू व्हायला लई वेळ लागतो रं."

परवा तुझा तेरावा झाला. साप्ताहिकाच्या संपादकांनी तुझ्यावर दोन पानं मागितलीत. जन्म, शिक्षण, स्वभाव असं क्रमानं लिहा म्हणाले. तुझा जन्म मला आठवत नाही, मी तीन वर्षांनी धाकटा चुलतभाऊ. शिक्षणाची आठवण काढलेली तुलाच आवडत नसे. राहिला स्वभाव, तर त्याबद्दल मागं बोलण्यापेक्षा तोंडावर बोललेलं बरं. म्हणून हे तुलाच लिहितोय. संपादकांना नको असेल तर त्यांनी परत करावं, मी ते वहिनींकडे ठेवीन.

तुझी तिरडी घरातून निघाली आणि नेमूच्या दारावरून गेली. नेमू जोत्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि तसाच उभा राहिला. मागं आला नाही. गावातले तुला नुसते तोंडओळखीनं ओळखणारे लोक आपल्यामागून चालले होते, आणि ज्याच्या घरी तू वर्षभर रोज जेवलास तो तुझ्या दारापासून चाळीस पावलांवर आपल्या खांबाला टेकून राहिला. मी खांदा बदलायच्या निमित्तानं वळून पाहिलं. तो अजून तिथंच होता.

का, ते मला बाराव्या दिवशी इंदूवहिनींनी सांगितलं. तेव्हाच ठरवलं की नेमूला तोंड दाखवल्याशिवाय बेळगावची मोटार धरायची नाही. ते धाडस झालं की नाही ते सांगतोच. पण आधी तंबू.

तंबू आता कुणाला सांगून खरा वाटत नाही. माझ्या पोरांना सिनेमा म्हणजे बोलणारा सिनेमा. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची आणि पडद्याशेजारी एक जिवंत माणूस वेताची काठी घेऊन उभा राहून त्यांच्या वतीनं बोलायचा, हे सांगितलं की धाकटी विचारते, "मग त्यांचं तोंड दुखायचं का?" मी सांगतो, तोंड दुखायचं ते तुमच्या अण्णाकाकाचं.

आप्पांना, म्हणजे तुझ्या वडिलांना आणि माझ्या काकांना, वाटत होतं की आपला मुलगा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकुनी करतो. तू करतही होतास, पाच वाजेपर्यंत. पाचनंतर तू नेमूकडे जायचास. नेमूचं घर जैनांचं, दिवस मावळल्यावर त्यांच्याकडे ताट मांडत नाहीत. नेमू तंबूत पेटी वाजवायचा आणि खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून त्यानं उजेडातच जेवून घ्यायचं आणि सोबतीला तूही. तुझ्यासारखा आळशी जेवणारा साडेपाचला पानावर बसलेला मी स्वतः पाहिला नसता तर विश्वास ठेवला नसता. नेमूची आई कन्नडमध्ये "आणखी वाढू का" विचारायची, तू मराठीत "नको" म्हणायचास आणि तिला ते कधी समजायचं नाही.

मी चार दिवसांची रजा काढून आलो होतो, नेमका त्या विलायती चोरीच्या चित्राच्या वेळी. त्याचं इंग्रजी नाव आपल्याला धड वाचता येईना. तंबूच्या मालकानं हँडबिलावर आपल्या मनानं 'तिजोरीफोड्या' असं छापून मोकळं केलं. दोघे भाऊ. थोरला तिजोऱ्या फोडतो, धाकटा त्याच्या मागं दिवा धरून उभा. लंडन की कुठलं शहर होतं. तू त्याचं बेळगावचं कॅम्प करून टाकलंस. "हा बघा आपला पिराजी, कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यामागनं चाललाय. भिंतीला पाठ लावून चाललाय. का चाललाय? साहेबाचं कुत्रं हाय म्हणून." पडद्यावर कुत्रं नव्हतंच. पण तू म्हणालास आणि पुढं जमिनीवर बसलेल्या बायकांनी पाय आत घेतले.

चौथ्या रिळात धाकटा भाऊ एक चिठ्ठी लिहितो, टोपी खाली ओढून चौकीत जातो आणि ती फौजदाराच्या टेबलावर ठेवून बाहेर येतो. पाचव्यात थोरला पकडला जातो. जाता जाता भावाकडं बघतो. धाकटा काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि रीळ संपतं. सहावं रीळ कोल्हापूरहून आलंच नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या गावच्या पेटीत गेलं होतं म्हणे.

मालक घामाघूम. "लोकं कापड फाडतील," तो म्हणाला. तू म्हणालास, "दिवा चालू ठेवा. पडदा पांढरा राहू दे. मी सांगतो."

आणि मोकळ्या, चित्र उठून दिसावं म्हणून भिजवलेल्या, पांढऱ्या कापडासमोर उभा राहून तू सगळ्या तंबूला विचारलंस, "धाकट्यानं चिठ्ठी का दिली?"

पहिल्या दिवशी तू सांगितलंस, भीतीनं. फौजदारानं त्याला आधीच हेरलं होतं, एकजण तरी वाचावा म्हणून. लोकांनी धाकट्याला शिव्या घातल्या आणि खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी निम्मे तेच लोक परत आले. तू तेच कारण पुन्हा सांगशील असं मला वाटलं होतं. पण तू चित्रातल्या एका टोपीवाल्या बाईला मध्ये आणलंस. दोघांचाही जीव तिच्यावर, आणि ती थोरल्याकडं बघायची. तंबू हळहळला. तिसऱ्या दिवशी तर कहर. त्या रात्री थोरला जिथं चोरी करणार होता तिथं बंदुका घेऊन माणसं दबा धरून बसली होती, हे फक्त धाकट्याला ठाऊक होतं, आणि भाऊ मरण्यापेक्षा तुरुंगात गेलेला बरा म्हणून त्यानं चिठ्ठी दिली, असं तू सांगितलंस. नेमूनं पेटीचा सूर इतका खाली नेला की मागच्या बाजूचं एक तान्हं रडायचं थांबलं. माझ्या शेजारचा गाडीवान डोळे पुसत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "परवा मी त्या पोराला लई वंगाळ बोललो."

ज्या पोराला तो वंगाळ बोलला होता त्याचं नाव तू बापू ठेवलं होतंस.

मी समोर बसलोय म्हणून गंमत, एवढंच. पहिल्या दिवशी तू काठी त्याच्याकडं रोखलीस आणि म्हणालास, "आणि हा धाकटा. नाव बापू. दिवा धरतो, दुसरं काय येतंय त्याला?" नेमू पेटीवर डोकं टेकून हसला. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात कुणीतरी "काय बापू, चौकीत जाऊन आलास?" म्हणालं आणि तूही हसलास. मीही हसलो. मला हसता येतं, ते माझं कामच.

खरं सांगू? नावाचं मला तेवढं लागलं नाही. घरात गोष्टी सांगणारा मी होतो, अण्णा. दिवाळीत बेळगावजवळ अनगोळच्या घरी पोरं माझ्याभोवती बसायची आणि तू कोपऱ्यात पानाला चुना लावत ऐकायचास. मला वाटायचं, हे एक तरी मला अण्णापेक्षा जास्त येतं. आणि इथं तू पाचसहाशे माणसांना कोऱ्या कापडाकडं बघत बसवलं होतंस.

चौथ्या दिवशी सकाळी तू वखारीत गेल्यावर मी पोस्टातून एक कार्ड घेतलं.

मी कामाला होतो त्या वकिलांच्या कचेरीत कन्नड अर्ज यायचे म्हणून मी वाचायला शिकलो होतो, हे घरात ठाऊक होतं. लिहायला नुकताच शिकलो होतो, ते कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी आप्पांना कन्नडमध्ये लिहिलं. तुमचा मुलगा मावळतीच्या आत परक्याच्या घरी जेवतो आणि रोज तंबूत उभा राहून चोरांच्या गोष्टी ओरडतो. खाली सही नाही. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की वरून एक बशी भजी खाल्ली.

पण मी एक विसरलो. आप्पा कन्नड बोलायचे, त्यांना वाचता येत नसे. दोन दिवसांनी कार्ड अनगोळला आलं आणि त्यांनी मला हाक मारली. "बापू, जरा वाच रे हे. निपाणीचा शिक्का दिसतोय." मग मी माझंच कार्ड माझ्याच काकांना अडखळत वाचून दाखवलं. अडखळणं खोटं नव्हतं, जीभच चालेना. मधे थांबून "अक्षर फार वाईट आहे" असंही म्हणालो. आप्पा म्हणाले, "कुणी का लिहिलं असेल हे?" मी म्हणालो, "हितचिंतक असेल." एवढा वाईट अभिनय तुझ्या तंबूत कुणी खपवून घेतला नसता.

आप्पा तंबूत आले तो सहावा दिवस. हे मी तुझ्याकडूनच ऐकलंय. तू चौथ्या, पाचव्या दिवशी आणखी दोन कारणं सांगितली होतीस. एकात धाकट्यानं जन्मभर थोरल्याचे जुने सदरे घातले म्हणून. दुसरं तुला नंतर आठवेना. सहाव्या दिवशी तू म्हणालास की धाकट्यालाच ठाऊक नाही त्यानं चिठ्ठी का दिली. फौजदारानं विचारलं, आईनं विचारलं, तो नुसता रडतो. आणि हे बोलता बोलता तुला दाराच्या कनातीपाशी आप्पांची काळी टोपी दिसली. तुझा आवाज फुटला. नेमूनं पेटी मोठ्यानं उचलली. तू कसाबसा शेवट केलास.

आप्पा शिक्षक माणूस, दुसऱ्याचा तास चालू असताना मधे बोलले नाहीत. लोक उठून गेल्यावर त्यांनी कार्ड तुझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सामान बांध." दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत संकेश्वर येईपर्यंत गप्प बसले. मग समोर बघतच विचारलं, "त्या धाकट्यानं चिठ्ठी का दिली खरं?"

तू म्हणालास, "आज सांगणार होतो."

हे सांगताना तू इतका हसायचास की मलाही हसावं लागायचं. आप्पांनी तुला दोन वर्षं बेळगावात एका कचेरीत चिकटवलं. दोन वर्षांनी ते निवळले आणि तू निपाणीला वखारीत परत गेलास. तोवर तंबूत बोलपट आला होता. पहिला बोलपट आपण दोघांनी मिळून पाहिला, आठवतंय? मी बेळगावहून मुद्दाम आलो होतो. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडलं आणि त्याच्याच तोंडातून आवाज आला. लोक ओरडले. तू पडद्याच्या डाव्या अंगाला बघत होतास, जिथं तू उभा राहायचास. तिथं आता शिट्ट्या मारणारी पोरं बसली होती. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "चांगलं बोलतोय की रं." आणि मध्यंतरात विडी ओढायला म्हणून बाहेर गेलास तो परत आला नाहीस.

आवाज यायच्या आधीची शेवटची दोन वर्षं. ती मी घेतली. आप्पांना कधीतरी कळलंच असतं, तू कधीतरी थांबलाच असतास, बोलपट कुणाच्या कार्डाची वाट बघत थांबला नव्हता, हे सगळं मला पाठ आहे. तरी ती दोन वर्षं तुझी होती.

आणि मग आपला वाद. पंधरा वर्षं एकच. मी आलो की चहा व्हायचा, तू कप बशीत ओतायचास आणि म्हणायचास, "हां. धाकट्यानं चिठ्ठी का दिली?" दर वेळी तुझ्याकडं नवं कारण. त्याच्या आईचं काहीतरी, थोरल्यानं त्याला एकदा मारलेलं, कधी फौजदार त्याचा बालमित्र. तू म्हणायचास, "माणूस उगंच वाईट वागत न्हाय, बाप्या. कारण गावंस्तोवर थांबाय पायजे."

आणि मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो. "हेवा. दुसरं काही नाही. मेला जळत होता."

"एवढंच?"

"एवढंच. असल्या माणसाला दारात उभं करू नये."

मला वाटायचं, मी तुला सांगतोय. नाव न घेता, पण सांगतोय. स्वतःला एवढ्या शिव्या घालतोय म्हणजे आज ना उद्या अण्णा ओळखेल, हसेल, पाठीत एक घालेल. तू मात्र बशी खाली ठेवायचास आणि खिडकीतून रस्त्याकडं बघायचास. मला वाटायचं, ओळखलं. मोटारीत बसताना हलकं हलकं वाटायचं. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

नेमू तुझ्याकडं का येत नाही, हे मी एकदाच विचारलं होतं. तू म्हणालास, "जमत न्हाय आता." मी पुढं विचारलं नाही. तो शेतावर असेल, त्याचा व्यापार वाढला असेल, असं काहीतरी मी धरून चाललो. दुसऱ्यांच्या मनातलं सांगून माझं पोट भरत नसलं तरी माझं मिरवणं त्यावरच चालतं. आणि इथं डोळ्यांदेखत चाळीस पावलांचा रस्ता होता, तू तो ओलांडायचा नाहीस, वखारीत जाताना नेमूचं दार आलं की पलीकडच्या बाजूनं जायचास. ते मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं.

बाराव्या दिवशी वहिनी डाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, नेमू मागं आला नाही, वाईट वाटलं. त्यांनी हात थांबवला.

"तो कशाला येईल, भावजी? त्यानंच तर कार्ड टाकलेलं."

"कुणी सांगितलं?"

"हेच म्हणायचे की. कानडीत लिहिणारा, आणि मावळतीच्या आत जेवतो हे ठाऊक असणारा, एकच माणूस. मी म्हणायची, अहो, विचारा तरी एकदा. कधी कधी निघायचे विचारायला. चपला घालायचे." त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या. "मग तुम्ही यायचा. तुम्ही गेलात की म्हणायचे, बापू शहाणा आहे, कोर्टात रोज असली माणसं बघतो. तो बी म्हणतो, नुसता हेवा व्हता, दारात उभं करू नये."

अण्णा, मी उठून मोरीवर गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो.

पडद्यावरच्या चोराच्या भावाला तू सहा दिवसांत सहा कारणं दिलीस आणि पुढं पंधरा वर्षं देत राहिलास. नेमूला एक प्रश्न विचारला नाहीस. हे भांडण मला तुझ्याशी करायचंय आणि तू भांडायला नाहीस. त्या पंगतीत तीन दिवस मीही जेवलो होतो. कन्नड वाचता मलाही येत होतं. माझं नाव तुझ्या मनात एकदाही आलं नाही. तू माझ्यावर संशय घेतला असतास तर किती बरं झालं असतं. दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला असतास, मी पाय धरले असते, तू लाथ मारून चहा टाकायला सांगितला असतास.

तेराव्याचं गोड जेवण झालं. पोरांनी मला घेरलं, "बापूकाका, गोष्ट." मी म्हणालो, जरा पाय मोकळे करून येतो. चाळीस पावलं चाललो. दुपारचे तीन वाजले असतील. नेमू जोत्यावर तंबाखूच्या पानांचा नमुना उन्हाला धरून बघत होता. केस सगळे पिकलेत त्याचे. मला पाहून उठला. "बर्री, कुंडर्री," म्हणाला, या, बसा. पंधरा वर्षांत मी त्याच्या घरी गेलो नव्हतो, आणि तो पाहुण्यासारखं घोंगडं झटकत होता.

मी बसलो नाही. उभ्यानंच ते पाच शब्द बोललो.

त्यानं पान खाली ठेवलं. "कसलं कार्ड?"

अण्णा, त्याला कार्डच ठाऊक नव्हतं. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चहाचं दुकान, कन्नड, भजी, आप्पांनी वाचायला लावलं ते, तू त्याच्या नावावर काय धरलंस ते. आयुष्यात इतकी वाईट गोष्ट मी सांगितली नसेल. मधेच मागं जात होतो, पुन्हा पुढं येत होतो. त्यानं एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाला, "मला वाटलं, पेटीमुळं."

"कुठली पेटी?"

"शेवटच्या दिवशी त्याचा आवाज फाटला बघ. लोकास्नी कळू नये म्हणून मी पेटी मोठ्यानं धरली. मला वाटलं, त्याला वाटलं आसंल की नेमूनं माझा आवाज दाबला. चार लोकात लाज काढली. बेळगावास्नं परत आला तवा मी बघितलं, पलीकडनं गेला. म्हणलं, व्हय, राग हाय. निवंल. न्हाय निवला." तो आपल्या बोटांकडं बघत होता. "तवापास्नं पेटीला हात लावला न्हाय मी."

"विचारायचं होतंस."

"तू विचारलास?"

मी जोत्यावरचं ते पान उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"का लिवलास पर?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, तेच वाईट. तंबूतल्या गाडीवानासारखं त्याला नुसतं कळून घ्यायचं होतं. मी सांगू लागलो. तू माझं नाव त्या धाकट्याला ठेवलंस म्हणून. तुमच्या दोघांचं जमत होतं आणि मी पाहुणा होतो म्हणून. घरच्यांपासून तू लपवत होतास ते बरं दिसत नव्हतं म्हणून. दिवाळीला तू घरी यावास म्हणून.

"एक सांग की," नेमू म्हणाला. "सगळी नगंत."

"हेवा," मी म्हणालो.

"हां." त्यानं मान हलवली. मग आत जाऊन टोपी घालून आला, जोत्याखालच्या चपला पायात सरकवल्या. "तुझं काय ते मागनं बघू. तू हितंच बस. माझ्यासंगं येऊ नगंस."

मी बसलो. नेमूच्या सुनेनं दारातून डोकावून मी कोण ते विचारलं, आणि मला पटकन सांगता आलं नाही. तिथून तुझं दार सरळ दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं त्याला ते रोज दिसत असणार. तो सावकाश चालत गेला. मधे एकदा थांबला, उपरण्यानं तोंड पुसलं. पायरीशी पोचला आणि सवयीनं, बहुधा दुसरं काय म्हणायचं हे न सुचून, पूर्वी वखारीबाहेर उभा राहून मारायचा तशी हाक मारली. एवढ्या लांबवर मला ऐकू आली.

"अण्णा, हाईस काय रं?"

मग त्याला आठवलं असणार. तो पायरीवरच उभा राहिला, पाठमोरा. आतून वहिनी आल्या, त्याच्याकडं बघत राहिल्या, आणि बाजूला होऊन त्यांनी दार पुरतं उघडलं.

नेमू तुझ्या घरी आला होता, अण्णा. दुपारी साडेतीनला. चहा घेऊन गेला.